कोंकणचा कातळ आणि आमची घाई

नागपुरांतील सुशिक्षित कुटुंबांत दसरा-दिवाळीच्या सुटींत मोटारीनें कोंकण गांठण्याची हौस हल्लीं फार वाढली आहे. हौस वाईट नाहीं. पाऊस उघडलेला, भात पिवळें पडलेलें, समुद्र निवळलेला. अशा शरद ऋतूंत काळ्या कातळाच्या कडेनें जाणाऱ्या त्या वाटेची सर दुसऱ्या वाटेस क्वचितच येईल. आमचा वाद या हौसेशीं नाहीं. प्रवासाहून परततांना मंडळी जें मत बरोबर घेऊन येतात त्याशीं आहे. ‘‘देखावे अप्रतिम, पण रस्ता अरुंद, खाडीवर फेरीबोटीसाठीं खोळंबा, आणि मधले माळ नुसते ओसाड. तेथें रुंद हमरस्ता झाला, माळावर चार मोठीं हॉटेलें उठलीं, कीं कोंकणचें भाग्य उजळलें!’’ हें मत सद्भावनेनें बोललें जातें. म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य आहे.

या मताचें मूळ आमच्या नव्या संवयींत आहे. नागपुराहून निघणारा समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजीं भिवंडीनजीकच्या आमण्यापर्यंत, म्हणजे ७०१ किलोमीटर, पुरा झाला. त्याची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. परंतु त्यानें आम्हांस असें शिकविलें कीं, रस्ता म्हणजे शक्य तितक्या लवकर संपवून टाकण्याची वस्तु. तीच फूटपट्टी घेऊन आम्ही किनाऱ्यावर उतरतों आणि वळणांना दोष देतों. पण तीं वळणें कोणा अभियंत्याच्या लहरीनें पडलेलीं नाहींत. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा एकामागून एक खाड्या जमिनीत शिरल्या आहेत. रस्ता सड्यावरून माडांच्या वाडींत उतरतो, खाडी ओलांडतो, पुन्हां सड्यावर चढतो. ही चढउतार म्हणजेच तो किनारा. ती काढून टाकली तर पाहावयास राहिलें काय?

आतां ‘ओसाड’ या शब्दाकडे वळूं. हा शब्द नागपूरकराच्या तोंडीं तर मुळींच शोभत नाहीं. ज्या कातळास तो ओसाड म्हणतो, तो त्याच्या घराजवळचाच आहे. सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्ह्याची पूर्वेकडील कड नागपुराजवळ संपते. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. ज्यांचें नांव येथील महाविद्यालयास आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागांतील खडकांचा आणि त्यांतील जीवाश्मांचा आस्थेनें अभ्यास केला. त्याच लाव्ह्याचें पश्चिम टोंक हरिहरेश्वरास लाटांखालीं झिजत आहे, आणि तेथें त्याला मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें पडलीं आहेत. पुढें रत्नागिरीकडे ऊन-पावसानें युगानुयुगें कुजून त्याच खडकाच्या माथ्याचा जांभा झाला. त्याचे सपाट माथे ते सडे.

हे सडे ओसाड नाहींत. श्रावण-भाद्रपदांत त्यांवर इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. तेथें मुरलेलें पाणी उतारावरच्या वाड्यांतील झरे व विहिरी जगवितें. आणि त्याच उघड्या कातळावर प्रागैतिहासिक माणसानें हत्ती, मासे, मनुष्याकृति कोरून ठेविल्या आहेत. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या आकृतींत तर इतर प्राण्यांचा मेळाच आहे. कोंकणांतील अशीं कातळशिल्पें २०२२ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलीं. त्यांतील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण कारखान्यासाठीं २०२३ मध्यें माती-परीक्षण सुरू झालें, तेव्हां गांवकरी कां रस्त्यावर आले, हें ‘ओसाड’ म्हणणारांस कधींच कळणार नाहीं. आमच्याच विदर्भांत महसुली दप्तरांतील ‘झुडपी जंगल’ या दोन शब्दांवर केवढें रण माजलें! अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास त्या जमिनी वनजमिनी ठरवाव्या लागल्या. दप्तरांतला एक शब्द जमिनीचें दैव ठरवितो, हें आम्हीं भोगलें आहे. मग तोच प्रमाद दुसऱ्याच्या जमिनीविषयीं आम्ही कां करावा?

प्रतिपक्षाचें एक म्हणणें मात्र सबळ आहे. ते म्हणतील, ‘‘तुम्ही चार दिवसांचे पाहुणे, तुम्हांस फेरीबोटीची गंमत वाटते. तेथील बाळंतिणीला मध्यरात्रीं रुग्णालयांत न्यावयाचें असतां खाडी आड येते, त्याचें काय?’’ हें अगदीं रास्त आहे. रेवस ते रेडी हा सुमारे ५०० किलोमीटरांचा सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुले यांनीं पुरस्कारिला, त्यास दशकें लोटलीं. त्यावरचे पूल कोंकणी माणसाचा हक्कच आहेत, ते व्हावेत. परंतु खाडीवर पूल मागणें आणि सडा फोडून आठ गाड्यांची रुंदी मागणें या दोन मागण्या एक नव्हेत. पहिली मागणी तेथें राहणाराची, दुसरी तेथून धांवत जाणाराची. आणि दुसरी नेहमीं पहिलीच्या आड उभी राहून बोलते. रोग्याला पूल हवा, रात्रीं उघडा दवाखाना हवा, वेळेवर येणारी एस.टी. हवी. हॉटेलाच्या मजल्यांनीं त्याचें दुखणें बरें होत नाहीं. सड्याची जमीन एकदां विकली कीं तिची किंमत एकदांच हातीं पडते. तिच्यांतून झिरपणारें पाणी मात्र पिढ्यान् पिढ्या लाभत असतें.

म्हणून आमच्या वाचकांस सांगणें एवढेंच कीं, या शरदांत कोंकणांत अवश्य जावें. परंतु सात दिवसांत सारा किनारा उरकण्यापेक्षां एकाच खाडीच्या दोन्ही तीरांवर चार दिवस राहावें, गांवकऱ्यांच्या घरीं उतरावें, वाटाड्या घेऊन सड्यावर पायीं फिरावें आणि कोरीव आकृतींवर पाय देऊं नये. परत आल्यावर बैठकींत रस्त्याच्या रुंदीचा विषय निघाला, तर तेथील लोकांनीं स्वतः काय मागितलें आहे, हें आधीं विचारावें. ज्या खडकावर आपलें शहर उभें आहे, त्याच्या दुसऱ्या टोंकाविषयीं बोलतांना एवढी चौकशी करणें कोणासही जड जाऊं नये.