साक्षात्काराची खूण

खालापूर तालुक्यांत खोपोलीनजीक साजगांवीं बोंबल्या विठोबाची कार्तिकी यात्रा भरते. देहूचे तुकोबा घाट उतरून येथें मिरच्या विकावयास येत, अशी आख्यायिका आहे. १६३० च्या सुमारच्या दुष्काळांत त्यांचीं पत्नी व पुत्र गेलीं. पुढें त्यांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं. धाकट्या भावाच्या वांट्याचीं मात्र त्यास देऊन टाकिलीं, असें परंपरा सांगते. साक्षात्काराची खरी खूण आम्हांस येथेंच दिसते : स्वतःचा हक्क सुटला, दुसऱ्याचा त्यांनीं जपला. अर्थात् त्या रित्या घराचा भार जिजाईंनीं वाहिला, हेंही विसरूं नये. देव्हाऱ्यापुढून उठतांना आपला कोणावरचा हक्क सैल झाला, आणि त्याची झळ घरांत कोणास लागली, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.