मोबाइल नंबर कुणाचा?

जुलैत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कर सल्लागारांच्या ऑफिसांत रात्री दहालाही दिवे चालू असतात. टेबलावर पॅन-आधारच्या झेरॉक्सचे ढीग. या धावपळीत आपल्यापैकी अनेक जण आयकर पोर्टलवर क्लायंटच्या प्रोफाइलला आपलाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकतात. ओटीपीसाठी दर वेळी त्याला फोन नको म्हणून. मीही वर्षानुवर्षे हेच केले, आणि ते चुकीचे होते.

नोव्हेंबर २०२४ मधले मालेगाव आठवा. तक्रारीनुसार, नोकरीचे आमिष दाखवून तरुणांकडून आधार-पॅन घेतले गेले, नाशिक मर्चंट्स बँकेच्या तिथल्या शाखेत त्यांच्या नावाने खाती उघडली गेली आणि थोड्याच दिवसांत त्यांतून शंभर कोटींहून अधिक रक्कम फिरली. ईडीचे छापे महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये पडले. कुणी कुलूप फोडले नव्हते. कागद विश्वासाने दिले होते, जसे आपले क्लायंट आपल्याला देतात.

बोगस जीएसटी नोंदणीही अशीच होते. पॅन एकाचे, वीजबिल दुसऱ्याचे, बिले तिसऱ्याची. केंद्राला १६ मे २०२३ पासून दोन महिने देशभर शोधमोहीम घ्यावी लागली. ज्याचे पॅन वापरले, त्याला बहुतेकदा नोटीस आल्यावरच कळते. कारण सावध करणारा मेसेज त्याच्याकडे जातच नाही. आपल्या क्लायंटच्या बाबतीत तो आपल्या फोनवर येतो आणि शंभर मेसेजांत बुडतो.

एआयएसच्या (वार्षिक माहिती विवरणाच्या) पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. दोन्ही आपल्या फायलीच्या पहिल्याच पानावर असतात! लॉगिनचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये, आणि ती शीट आर्टिकल असिस्टंटच्या व्हॉट्सअॅपवर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ सी दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. पण ती शीट बाहेर गेली, तर क्लायंट आधी आपल्या दारात येणार.

म्हणून या हंगामात एवढे करा. क्लायंटला समोर बसवून प्रोफाइलला त्याचाच नंबर टाका. जीएसटी पोर्टलवर त्याचे पॅन टाकून त्या नावावर किती नोंदण्या आहेत, हे त्याला दाखवा. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून घ्या; शेवटचे चारच अंक दिसणारे आधार चालत असेल, तिथे तेच मागा. काही संशयास्पद दिसले आणि पैसे गेले असतील, तर त्याच्या फोनवरून तिथल्या तिथे सायबर हेल्पलाइन १९३० लावा. प्रत्येक रिटर्नला दहा मिनिटे जास्त लागतील. ती फीमध्ये धरू नका.