हुला सरोवराचे चार ऋतू



उत्तर गालीलात, हर्मोन पर्वताच्या दक्षिणेस हुलाचे खोरे पसरले आहे. आपल्यातील अनेक कुटुंबे तेथे हिवाळ्यात एकदा जातात, क्रौंच पक्ष्यांचे थवे पाहतात व परततात. आमचे नम्र सांगणे असे की, हे स्थळ वर्षातून चार वेळा पाहावे.

हनुक्काच्या सुमारास युरोप व रशियातून आलेले हजारो क्रौंच येथे मुक्काम करतात. रात्री ते उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे शत्रूची चाहूल लागते. शेतांची नासधूस टळावी म्हणून त्यांना मका घालण्यात येतो. मात्र इतकी दाटी धोक्याचीही ठरते. २०२१ च्या डिसेंबरात बर्ड फ्लूच्या साथीत येथे पाच हजारांहून अधिक क्रौंच दगावले.

पेसहच्या आगेमागे पांढरे करकोचे आफ्रिकेतून उत्तरेकडे जाताना आकाशात घिरट्या घालतात. सुक्कोथच्या दिवसांत गळ्याखाली पिशवी असलेले झोळीवाले, म्हणजे पेलिकन, आफ्रिकेच्या वाटेवर मासे टिपण्यास उतरतात.

उरला उन्हाळा. त्या वेळी गर्दी नसते आणि क्रौंचही नसतात. पण आमच्या मते या स्थळाचा इतिहास मुलांना सांगण्यास हाच काळ उत्तम, कारण तेव्हा डोळे आकाशाकडे न जाता पाण्याकडे व मातीकडे वळतात.

१९५१ ते १९५८ या काळात येथील सरोवर व दलदल कोरडी करण्यात आली. हिवतापाचे निर्मूलन व्हावे आणि शेतीस जमीन मिळावी, हा हेतू चांगलाच होता. परंतु पाण्याखालची कुजट वनस्पतींची माती उघडी पडताच सुकली, खचली, काही ठिकाणी आतल्या आत जळू लागली. तिच्यातील नायट्रेट वाहत किनेरेथ सरोवराकडे जाऊ लागले. केवळ येथेच आढळणाऱ्या काही जातींचे मासे कायमचे नष्ट झाले.

थोडा भाग मूळ रूपात राखण्यात आला व १९६४ मध्ये तो देशातील पहिले निसर्ग राखीव क्षेत्र ठरला. पुढे १९९४ मध्ये जवळच काही जमीन पुन्हा पाण्याखाली आणण्यात आली. तिचे नाव आगामोन, म्हणजे लहान तळे. नामशेष समजला गेलेला हुलाचा रंगीत बेडूक २०११ मध्ये राखीव क्षेत्रात पुन्हा सापडला. मासे मात्र परत आले नाहीत. सात वर्षांत जे आटवले, त्याचा लहानसा अंशच आज भरून निघाला आहे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

आजी-आजोबांना अवश्य सोबत न्यावे. चिखलात डुंबणाऱ्या म्हशी पाहून त्यांना कोकणातील तळी आठवतील. पाण्यावर टपून बसलेला पांढऱ्या छातीचा खंड्या तर आपल्या कोकणातलाच, जात तीच. पपायरसचे उंच गवत हे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातले.

शिक्षक या नात्याने एक सूचना करतो. एक वही करावी, चार ऋतूंची चार पाने. पाहिलेल्या प्रत्येक जीवाचे नाव मुलांनी हिब्रूत लिहावे व शेजारी मराठी नाव आजीला विचारून लिहावे. ही नावे घरात कोणी विचारली नाहीत, तर तीही हळूहळू आटत जातील.

आपल्या वहीतील नोंदी या सदराकडे अवश्य पाठवाव्यात.