आधी तपासा, मग बदला
गाडीतला स्टिरिओ बंद पडला की लगेच नवा घेण्याचा सल्ला मिळतो. पण आधी वीज कुठे अडली ते शोधायला हवं. पहिल्यांदा फ्यूज बघावा, तो शाबूत असेल तर मल्टिमीटर लावावा. बाजारातल्या बहुतेक सेटना पिवळ्या वायरीवर कायम १२ व्होल्ट लागतात, लाल वायरीवर चावी फिरवल्यावर, काळी अर्थिंगची. ती सैल झाली तरी चांगला सेट मुका होतो. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर एखादी वायर घासून बॉडीला टेकली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी १० अँपिअरच्या जागी ३०चा फ्यूज बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण. निदान करून दुरुस्ती करणारा कारागीर शोधा आणि त्याच्या तपासणीचे पैसे आनंदाने द्या. बिघाड शोधण्याचं हे ज्ञान टिकायला हवं.