त्याच वाटेवर पुन्हा
वाशिमच्या मुरमाड वाटेवर पंक्चर झालेली सायकल ढकलीत घरी आलेल्यास दुसऱ्या दिवशी तीच वाट नकोशी वाटते. लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांची वाट तर अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ची मुदत बारा दिवस, स्पर्धक निजला तरी घड्याळ चालूच. 2016 साली ती अर्धवट सोडावी लागली. पुढल्याच वर्षी नाशिकचे हे लष्करी डॉक्टर तेथे परतले आणि 11 दिवस 18 तास 45 मिनिटांत पोहोचले. मुदत संपण्यास अवघे सव्वापाच तास उरले होते! एकट्याने ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. पाठोपाठ विदर्भाचे, नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोहोचले. त्यांची मात्र ती पहिलीच खेप.