आधी तुकडा फाडून बघा

15 जुलै 2022 रोजी ‘टायटन’ ही पाणबुडी उत्तर अटलांटिकमध्ये आपली 80वी बुडी संपवून वर आली, तेव्हा एक मोठा आवाज झाला. पाणबुडी तिच्या सांगाड्यात सरकली असेल, असा खुलासा ती चालवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी केला आणि बुड्या चालू राहिल्या. 18 जून 2023 रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे उतरताना तिचा चुराडा झाला. आतले पाचही जण गेले. त्या आवाजानंतर कवचावरच्या ताणमापकांच्या नोंदी बदलल्या होत्या, हे अमेरिकी तपासात पुढे आले. कार्बन फायबरच्या कवचाचे थर सुटले होते.

पोळीला पदर सुटले तर करणाऱ्याचे कौतुक होते. कार्बन फायबरचे पदर सुटले तर त्याला डिलॅमिनेशन म्हणतात आणि ते बहुतेक वेळा बाहेरून दिसतही नाही. पावसाळ्यात न्हाणीघराच्या प्लायवूडच्या दाराचे पापुद्रे निघतात, तसाच हा प्रकार. कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने पोलादालाही मागे टाकतो, पण दोन थरांच्या मध्ये धागा नसतो. तिथे असते फक्त रेझिन, म्हणजे धागे बांधून ठेवणारा चिकट पदार्थ. टायटनचे सुमारे पाच इंच जाडीचे कवच एकेक इंचाचे पाच थर वेगवेगळे पक्के करून बनवले होते. त्यात सुरकुत्या आणि पोकळ्या राहिल्याचे तपासात दिसले.

थर किती ओढ सोसतील, हे संगणकावर आधीच काढता येते. गणिताच्या पद्धती तयार आहेत आणि त्यांचे मूळ ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याच्या 1921 सालच्या निबंधात आहे: भेग पुढे सरकायला ऊर्जा लागते, आणि ती मिळाली की भेग सरकते. पण या सगळ्या गणितात एक आकडा बाहेरून भरावा लागतो, तो थरांमधल्या चिवटपणाचा. तो कोणत्याही संगणकातून निघत नाही. त्यासाठी तुकडा फाडावाच लागतो.

ही चाचणी एकदा जवळून बघावी अशी आहे. सुमारे 125 मिलिमीटर लांब, बोटभर रुंद पट्टी घेतात. ती बनवतानाच एका टोकाला, बरोबर मधल्या थरात टेफ्लॉनची 13 मायक्रॉनहून जाड नसलेली फिल्म घातलेली असते. भेगेची सुरुवात तिथून व्हावी म्हणून. त्या टोकाला वर-खाली दोन बिजागऱ्या चिकटवतात, पट्टीच्या कडेला पांढरा रंग देऊन मिलिमीटरच्या खुणा करतात आणि मशीन मिनिटाला जेमतेम काही मिलिमीटर या वेगाने दोन्ही बाजू ओढू लागते. पांढऱ्यावर काळी रेघ पुढे सरकते. साध्या इपॉक्सी रेझिनने बांधलेल्या पट्टीत हा चिवटपणा चौरस मीटरला 250 ज्यूलच्या आसपास भरू शकतो. म्हणजे पोस्टकार्डाएवढा थर उकलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात किलोभर साखरेची पिशवी दीड वीत उचलली जाईल, बस!

फसगत होते ती इथेच. भेंडी कापल्यावर दोन फोडींमध्ये तार ओढली जाते, तसे पट्टीच्या उकललेल्या दोन भागांमध्ये धागे ताणलेले राहतात. ते भेगेला मागे धरतात आणि भेग वाढत जाते तसा चिवटपणाचा आकडाही फुगतो. प्रत्यक्ष विमानाच्या पंखात किंवा पवनचक्कीच्या पात्यात थर निरनिराळ्या कोनांत असतात; तिथे हा आधार तसा मिळेलच असे नाही. म्हणूनच भेग सरकू लागते त्या क्षणाचा, लहान आकडा धरावा असे प्रमाणित पद्धत सांगते. शिवाय थर पुस्तकासारखे उघडतात तेव्हाचा चिवटपणा वेगळा आणि पत्त्यांच्या गड्डीसारखे घसरतात तेव्हाचा वेगळा, बहुधा जास्त. खऱ्या भागात दोन्ही एकदम घडते. त्यांचा मेळ घालणारे बेंझेगाह आणि केनान यांचे 1996चे सूत्र आज सर्रास वापरतात, पण त्यातला घातांकसुद्धा पट्ट्या फाडूनच मिळतो.

आणि तरीही प्रकल्प अहवालांत दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आकडा उचलून संगणकावर रंगीत चित्रे काढण्याची सवय सुटत नाही. सॉफ्टवेअर घ्यायला पैसे निघतात, पट्ट्या फाडायला निघत नाहीत. ही सवय मोडायलाच हवी. तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे 45 टक्के कॉम्पोझिट, म्हणजे असेच धागे आणि रेझिनचे साहित्य, आहे, साताऱ्याच्या पठारावर फिरणारी पाती काचतंतूंची आहेत. हा विषय आपल्या दारापासून लांब नाही. माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे, अशा प्रत्येक कॉम्पोझिट भागाच्या अहवालात चिवटपणाचा आकडा कोणत्या पट्टीवरून, किती नमुन्यांवरून, कोणत्या तापमानाला आणि किती ओलाव्यात मिळाला, हे लिहिणे सक्तीचे असावे. पट्ट्या त्याच कारखान्यात, त्याच भट्टीत बनलेल्या असाव्यात आणि त्या फाडणारी प्रयोगशाळा बनवणाऱ्याच्या ताब्यातली नसावी.

टायटनची तपासणी जहाजांची सुरक्षितता पारखणाऱ्या कोणत्याही वर्गीकरण संस्थेने केलेली नव्हती. आवाज झाल्यानंतरचा हिवाळा ती कॅनडातल्या सेंट जॉन्स इथे उघड्यावर, गोठवणाऱ्या थंडीत उभी होती. थरांच्या फटीत पाणी शिरले असेल तर ते गोठून फुगते आणि फट रुंदावते. उन्हाळ्यात कवचाची कसून तपासणी न करताच ती पुन्हा समुद्रात उतरवण्यात आली.