उधारीचे ओझे विणकरानेच का वाहावे?

श्रीमंत-गरिबांमधील दरी वाढत चालली, असे आपण रोज ऐकतो आणि सरकारला दोष देऊन मोकळे होतो. पण ही दरी आपल्या कापडाच्या धंद्यातही रोज खोल होते. तिचे नाव उधारी.

मालेगाव-भिवंडीचा लहान यंत्रमागधारक पाहा. सुताचे पैसे, सायझिंगची मजुरी, विजेचे बिल, कारागिराचा आठवड्याचा पगार, यातले काहीच थांबत नाही. पण त्याचा माल घेणारी पेढी साठ-नव्वद दिवसांनी पैसे देते आणि वर वटाव कापते. म्हणजे ज्याचे भांडवल सर्वांत कमी, तोच मोठ्या व्यापाऱ्याला बिनव्याजी रक्कम वापरायला देतो आणि स्वतः मात्र व्याजाने पैसे उचलतो. शेवटी हा ताण मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिरावर येतो.

यावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रार राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे करता येते. कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात तरतूद केली की अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्यावरच खर्च म्हणून वजा मिळेल. ती २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली, तेव्हा कापडबाजारात केवढी धावपळ उडाली होती! कायद्याची कळ दाबली की मोठी पेढीही हलते, हे त्यातून दिसले.

मग विणकर गप्प का? कारण एकट्याने तक्रार केली तर पुढची ऑर्डर बंद होईल, ही भीती. ती खोटी नाही. म्हणून हे काम एकट्याचे नाही, संघटनेचे आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. माल पाठवण्यापूर्वीच ती करून घ्यावी. प्रत्येक बिलावर नोंदणी क्रमांक आणि पैशाची मुदत छापावी. कच्च्या चिठ्ठीवरचा व्यवहार कौन्सिलपुढे टिकणे कठीण, म्हणून पक्के बिलच घ्यावे-द्यावे. एका भागातील विणकरांनी एकच मुदत ठरवावी आणि थकबाकीचा पाठपुरावा संघटनेच्या लेटरहेडवर करावा. आमदार-खासदार मते मागायला येतात, तेव्हा कौन्सिलपुढे किती प्रकरणे पडून आहेत, हा हिशेब त्यांना विचारावा.

आता आम्हा व्यापाऱ्यांविषयी. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँक कर्जाच्या सवलतीपुरती. आमचे पैसे अडकले तर ४५ दिवसांचे संरक्षण आम्हाला नाही. ही तक्रार रास्त आहे आणि ती सरकारपुढे मांडलीच पाहिजे. पण वरून पैसे आले नाहीत म्हणून खालच्याचे अडवणे हा काही न्याय नव्हे.

व्यापारी बंधूंनो, विषमतेविरुद्ध मोर्चा काढायला वेळ मिळो न मिळो, या महिन्याची वही उघडा. ४५ दिवसांपेक्षा जुने नाव ज्या विणकराचे असेल, त्याला आधी पैसे द्या. बदलाची मागणी करण्याचा हक्क त्यानंतरच शोभेल.